असेल तरच म्हण

बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या पट्ट्यात सहज म्हणून एखादं वाक्य बोलून टाकायची सोय जर कुणी बंद केली असेल, तर ती आमच्या मिसनी. आमच्याकडची माणसं बोलण्यात सढळ. वाटेत कुणी भेटलं की 'या की जेवायला' म्हणतात आणि आपल्या वाटेनं निघून जातात. अंगावर पहिला तांब्या घेता घेता फोनवर 'आलोच, फाट्यावर हाय' म्हणून सांगतात. लग्नपत्रिकेत बारा पंचवीसचा मुहूर्त छापतात आणि दोन वाजता नवरदेवाला घोड्यावर बसवतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि दोघांचं बरं चाललेलं असतं. एवढ्या सुरळीत चाललेल्या मुलखात वसईकडची एक किडकिडीत बाई, फिकट सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात बारीकसा क्रूस घालून गणित शिकवायला आली आणि तिनं प्रत्येकाचा प्रत्येक शब्द खरा धरायला सुरुवात केली. त्या तापातून आम्ही अजून सावरलेलो नाही.

शाळा सिस्टरांची होती. मिस मात्र सिस्टर नव्हत्या. नुसत्याच कॅथलिक होत्या आणि लग्न केलेलं नव्हतं. हा फरक आमच्या कन्हेरीच्या बायकांना शेवटपर्यंत कळला नाही. मिस बारामतीत आल्या त्या एका वर्षासाठी. गणिताच्या सिस्टर आजारी होत्या म्हणून बदली. वर्ष संपल्यावर मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "आणखी थोडे दिवस थांबाल का?" मिसनी विचारलं, "थोडे म्हणजे किती?" सिस्टर म्हणाल्या, "दुसरी गणिताची बाई मिळेपर्यंत." मिस "बरं" म्हणाल्या. आता शाळेत एक बाई गणित शिकवत असताना दुसरी बाई शोधायला कोण कशाला जाईल? कुणी गेलं नाही. दर जूनमध्ये मिस ऑफिसात जाऊन विचारायच्या, "मिळाली का?" सिस्टर म्हणायच्या, "अजून नाही." अशा त्या एकतीस वर्षं थांबल्या. मधल्या काळात तीन मोठ्या सिस्टर बदलून गेल्या आणि प्रत्येकीनं जाताना नव्या सिस्टरला हा प्रश्न आणि त्याचं उत्तर नीट समजावून दिलं, असं म्हणतात.

आमच्या घराला त्यांचा पहिला हिसका बसला तो मी पाचवीत असताना. पालकसभेला माझे वडील गेले होते. वडिलांना घरात-गावात सगळे तात्या म्हणतात. ऊस, दोन म्हशी आणि एक जुना ट्रॅक्टर हा त्यांचा संसार, आणि चार माणसांत गोड बोलायची त्यांना मोठी हौस. सभा संपल्यावर ते मिसना म्हणाले, "या की मिस एकदा कन्हेरीला. घर तुमचंच हाय."

"कधी येऊ?" मिस म्हणाल्या.

"कवा बी या की."

"येत्या रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर? साडेअकरापर्यंत पोचेन."

"व्हय, या की," तात्या म्हणाले आणि घरी पोचेपर्यंत विसरले. रविवारी साडेअकराला मिस वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून फाट्यावर उतरून, छत्री उघडून, बांधाबांधानं आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तात्या बनियनवर ट्रॅक्टरखाली शिरलेले, नुसते पाय बाहेर. आईच्या केसांत शिकेकाई. मी आणि धाकटा भाऊ शेणानं माखलेलो. मिसनी हे सगळं एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "मी चुकीच्या रविवारी आले का?"

"न्हाय न्हाय," ट्रॅक्टरखालून तात्या म्हणाले, "तुमचीच वाट बघत हुतो."

"खाली झोपून?" मिसनी विचारलं. यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तात्यांनी बाहेर येऊन गेअर बॉक्सचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, आईनं केस तसेच गुंडाळून भाकरी थापल्या, आणि मिस चुलीपुढं पाटावर बसून ठेच्याबरोबर तीन भाकरी जेवल्या. मग त्यांनी सगळ्यांची ताटं उचलली आणि मोरीत जाऊन घासायला बसल्या. आई धावली तर म्हणाल्या, "घर माझंच आहे म्हणाले ना तुमचे मालक." मिस गेल्यावर आई बराच वेळ त्या ताटांकडे बघत होती. "बाई खुळी हाय," ती म्हणाली, "पण राख लावून घासलीत गं." तात्यांनी त्या दिवसापासून मिससमोर तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार करायची सवय लावून घेतली. ती त्यांना कधी जमली नाही, हा भाग वेगळा.

शाळेत तर आमची धडगतच नव्हती. सहावीत मी मावशीच्या गावाला जत्रेसाठी दोन दिवस दडी मारली आणि परत आल्यावर रीतीप्रमाणे 'पोटात दुखत असल्यामुळे' अशी चिठ्ठी दिली. मिसनी चिठ्ठी वाचली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कुठल्या बाजूला दुखत होतं, जेवणाआधी की नंतर, आडवं पडल्यावर वाढायचं का, असे इतक्या आस्थेनं प्रश्न विचारले की मला खरोखरच पोटात कळ आली. संध्याकाळी त्या ओव्याची पुडी घेऊन घरी हजर. अंगणात मी जत्रेतून आणलेली शिट्टी फुंकत होते. मिस रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला नवी चिठ्ठी लिहायला लावली: 'माझ्या पोटात दुखत नव्हतं. मावशीच्या गावची जत्रा होती.' त्यावर तात्यांची सही घेतली आणि खाली लाल शाईनं 'रजा मंजूर' लिहिलं. पोटासाठी रजा मिळत नाही आणि जत्रेसाठी मिळते, ही बातमी दुसऱ्या दिवशी वर्गभर झाली. त्यानंतर आमच्या वर्गाच्या चिठ्ठ्या वाचण्यासारख्या असायच्या. 'म्हैस व्यायली. खरवस खायला थांबलो.' 'चुलता आणि बाप भांडत होते ते बघत होतो.' एका साहेबांनी शाळा तपासणीत तो गठ्ठा पाहिला आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मिस म्हणाल्या, "हजेरी."

नाताळाच्या सुट्टीवरून परत येताना त्या वसईची सुकेळी आणायच्या. वाळवलेली केळी, पानात बांधलेली, तपकिरी आणि चिकट. प्रत्येकाला एक मिळायचं आणि मग मिस बाकाबाकाशी थांबून विचारायच्या, "आवडलं?" ही परीक्षा सहामाहीपेक्षा अवघड. आमच्यातल्या एकीनं नाक मुरडत "छान आहे मिस" म्हटलं, तर मिसनी तिला खिडकीशी नेऊन अर्धं सुकेळं थुंकायला लावलं आणि म्हणाल्या, "न आवडलेलं गिळायचं नाही." कुणी "न्हाय आवडलं" म्हटलं की त्या आनंदानं मान हलवायच्या आणि ते सुकेळं स्वतः खायच्या.

आमच्या बोलण्याला मात्र त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. मराठीच्या बाई 'हाय नव्हे, आहे' म्हणून आमचे कान पिळत. मिसचं म्हणणं असं की, "हाय म्हण नाहीतर आहे म्हण. पण असेल तरच म्हण." हे ऐकायला सोपं वाटतं. त्या वाक्याबरोबर सहा वर्षं एका वर्गात काढून बघा.

आणि मग सातवीचं ते सायकलचं प्रकरण. ते सांगताना आजही माझा आवाज चढतो, असं आमच्या घरी म्हणतात.

त्या वर्षी गावातल्या एका व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या स्मरणार्थ सातवीत सहामाहीला पहिल्या येणाऱ्या मुलीला सायकल द्यायचं ठरवलं होतं. लाल रंगाची, पुढं जाळीची टोपली असलेली लेडीज सायकल महिनाभर ऑफिसच्या व्हरांड्यात उभी होती. येताजाता आम्ही तिची घंटी वाजवायचो. शनिवारी निकाल लागला. मी पहिली, आणि शोभा एका मार्कानं दुसरी. शोभा पळसदेवची. तिचे वडील उजनी धरणाच्या पाण्यात मासे धरायचे, आणि ती सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये राहायची. बक्षीस सोमवारी होतं. मधल्या रविवारी तात्यांनी अर्ध्या कन्हेरीला चहा पाजला, सायकलला घालायला झेंडूचा हार सांगून ठेवला, आणि मी ती रोज फाट्यापर्यंत कशी चालवणार आणि भावाला मागं बसवणार की नाही, यावर आमच्या घरी दोन भांडणं झाली.

त्याच रविवारी मिस आपल्या खोलीत बसून, लागलेल्या निकालाचे पेपर पुन्हा तपासत होत्या. निकाल लागल्यावर पेपर कोण तपासतं, हे मला आजवर कुणीही सांगू शकलेलं नाही.

सोमवारी प्रार्थनेआधी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. माझा पेपर उघडून दाखवला. "तिसऱ्या पानावरचे हे चार मार्क मी दोनदा धरलेत," त्या म्हणाल्या. "बेरीज माझी चुकली. तू दुसरी आलीस."

मी सायकलकडे बघत होते. ती चार हातांवर होती. "मिस, हे कुणालाच माहीत न्हाय," मी म्हणाले.

"आपल्या दोघींना आहे की," त्या म्हणाल्या, माझ्याच वयाच्या मैत्रिणीनं सांगावं तसं.

मी रडले, ओरडले आणि शेवटचं म्हणून जे सुचलं ते म्हणाले, की शोभा बोर्डिंगमध्ये राहते, तिच्या खोलीपासून वर्ग पन्नास पावलांवर आहे, तिला सायकल येतसुद्धा नाही. हे सगळं खरं होतं, त्यामुळे मिसनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "सायकल कुणाला लागते, असा प्रश्न नव्हता," त्या म्हणाल्या. "मार्क कुणाला जास्त, असा होता."

हार घेऊन आलेले तात्या तसेच ऑफिसात शिरले. आवाज बाहेर पटांगणापर्यंत येत होता. "चूक तुमची, आन् शिक्षा माज्या पोरीला? ही कुटली रीत, मिस?"

"तुमचं बरोबर आहे," मिस म्हणाल्या. "चूक माझी आहे. मला काय शिक्षा करायची ते तुम्ही सांगा."

तात्या अर्धा तास भांडायच्या तयारीनं आले होते. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. ते सिस्टरांकडे बघायला लागले, सिस्टर टेबलावरच्या पेपरवेटकडे. "आता, शिक्षा काय... ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले.

"राहू कसं देणार? तुम्ही रास्त बोललात."

"आवो, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो."

मिसनी त्यांच्याकडे इतक्या दुःखानं पाहिलं की तात्यांनी हातातला हार पाठीमागं लपवला. मग मिसनीच निकाल दिला. आमच्या वर्गाचा नियम होता, बेरीज चुकली की एक तास बाकावर उभं राहायचं. पहिल्या तासाला मिस वर्गात आल्या, चपला काढल्या, साडीचा काठ सावरला आणि पहिल्या बाकावर चढून उभ्या राहिल्या. चाळिशी ओलांडलेली बाई. तिथूनच त्यांनी काळ-काम-वेगाची दोन गणितं घातली आणि घंटा झाल्यावर उतरल्या. आम्ही हसलो नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्यांदा हसले.

शोभाला सायकल मिळाली. सुट्टीत तिनं ती एसटीच्या टपावर घालून पळसदेवला नेली आणि पुढं कितीतरी वर्षं तिच्या वडिलांनी त्या जाळीच्या टोपलीतून मासे वाहिले, असं ऐकलं. दुसरी एखादी बाई असती तर तिनं नंतर कुठंतरी, चित्रकलेत म्हणा, वर्तणुकीत म्हणा, मला चार मार्क परत दिले असते. निदान एखादं पेन दिलं असतं. मिसनी काही दिलं नाही. सातवीचे उरलेले महिने आणि आठवीचं अख्खं वर्ष मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले, आणि त्यांनी कामापुरतं उत्तर देत मला भूमिती इतकी पक्की शिकवली की आजही मला त्रिकोण दिसला की राग येतो.

शाळा सुटली तरी मिस सुटल्या नाहीत. मी आता बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे. टँकर आला की दुधाचा नमुना घ्यायचा, फॅट लावायचं, म्हणजे मशीनवर दुधातली स्निग्धता मोजायची, नोंद करायची. काही वर्षांपूर्वी एका सकाळी घाईत मी मशीन न धुताच एका टँकरचं फॅट लावलं. चूक लक्षात आली तेव्हा ते दूध केव्हाच मोठ्या टाकीत मिसळून गेलं होतं. कुणाला कळायचा प्रश्न नव्हता. त्याच आठवड्यात माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. मी दुपारपर्यंत कशीबशी कळ काढली. डबा खाल्ला नाही. तीन वाजता साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "मॅडम, हे मला सांगायची गरज होती का?" बढती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. संध्याकाळी गेटबाहेर येऊन मी पहिला फोन मिसना लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुमच्यामुळं झालं हे. सातवीपासून तुम्ही माझ्या मागं लागलाय. लोकांना नाही होत असलं काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी एक शब्द चांगला येईल.

"मशीन का धुतलं नव्हतंस?" त्यांनी विचारलं.

मी फोन ठेवला. आठ दिवसांनी पुन्हा केला, कारण त्यांना फोन न करून राहताही येत नाही.

त्या वेळी त्या निवृत्त होऊन इंदापूरला राहत होत्या. तिथं त्या कशा गेल्या, तेही त्यांच्या रीतीप्रमाणंच. निरोप समारंभात इंदापूरचा एक जुना विद्यार्थी भाषणात भरून येऊन म्हणाला, "मिस, आमच्या घरी वरची खोली रिकामीच आहे. ती तुमचीच समजा." टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांनी मिस दोन ट्रंका घेऊन त्याच्या दारात. तो स्वतः नोकरीला पुण्यात. घरी त्याची आई एकटी, तिला सगळी आळी आक्का म्हणते. आक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी दार उघडलं, ट्रंका पाहिल्या, पोराला फोन लावला. पोरगा तिकडं नुसतं 'अगं, म्हणजे...' करत राहिला. मग आक्का म्हणाल्या, "म्हनला असंल तो. बोलघेवडा हाय, बापावर गेलाय. या आत." आणि तेरा वर्षं त्या दोघी वरखाली राहिल्या. रविवारी मिस चर्चला जायच्या, आक्का सोमवारी देवळात. संध्याकाळी दोघी पायरीवर बसून शेंगा सोलायच्या. आक्कांना गोष्ट फुगवून सांगायची खोड. म्हणजे पाच माणसांचं भांडण असलं की पन्नास. मिस प्रत्येक आकड्याला हटकायच्या. मी गेले की दोघी वेगवेगळ्या माझ्याकडे एकमेकींच्या तक्रारी करायच्या. "सरळ सांगूच द्येत न्हाय गं ही बाई," आक्का म्हणायच्या. "सांगतात त्यातलं एकही सरळ नसतं," मिस म्हणायच्या. आणि एक बाहेरगावी गेली की दुसरी जेवायची नाही धड.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीला मिस जिन्यात पडल्या. आक्का खाली परसात होत्या. रोज सकाळी त्या खालून हाळी द्यायच्या, "बरं हाय का बाई?" या प्रश्नाला आमच्या तालुक्यात एकच उत्तर आहे, आणि मरणाच्या दारातला माणूसही तेच देतो. त्या दिवशी मिस म्हणाल्या, "नाही. मी पडले आहे. उजवा पाय खुब्यात मोडला असावा." आक्का सांगतात की हे त्यांनी आजचा वार सांगावा तशा आवाजात सांगितलं.

बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी डेअरीतून सुटले की रोज जायचे. मिसनी तिथंही सगळ्यांना जेरीस आणलं. नर्सनं "पाच मिनिटांत येते" म्हटलं की त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसायच्या. वसईहून त्यांचा पुतण्या येऊन गेला. शांत, पन्नाशीचा माणूस. तो म्हणाला, आत्या, आता घरी चला, तळमजल्यावर खोली आहे, माझी बायको आहे, मुलगी आहे. मिस म्हणाल्या, विचार करून सांगते. त्यानंतर जो येईल तो त्यांना धीर द्यायला लागला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात पळायला लागाल. आक्कांचा मुलगा पुण्याहून म्हणाला, काही जायचं नाही मिस, आम्ही आहोत ना. आक्का तर हात धरूनच बसल्या, "कुटं जायाचं न्हाय. मी हाय खमकी. मी उचलून न्हेईन तुमास्नी वर."

एका संध्याकाळी मी एकटीच होते. फिजिओथेरपीची मुलगी नुकतीच गेली होती. वॉकर धरून मिस खाटेपासून दारापर्यंत गेल्या होत्या आणि परत येताना दोनदा थांबल्या होत्या. त्यांचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "तुझं कामच मोजायचं आहे. मला सांग, आक्कांच्या जिन्यानं मी पुन्हा एकटी चढू-उतरू शकेन?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. डॉक्टरांचं, आक्कांचं, सगळ्या मुलखाचं उत्तर. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं, दारापर्यंतच्या त्या अंतराकडे पाहिलं. जिन्याला अठरा पायऱ्या आहेत आणि कठडा नाही.

"नाही मिस," मी म्हणाले.

"आक्का सांभाळतील?"

"त्यांचे गुडघे गेलेत. त्यांची इच्छा आहे. पण त्यांच्यानं तुम्हाला उचलायचं होणार नाही. एखाद्या दिवशी दोघी पडाल."

"बरं," त्या म्हणाल्या. मग उशाखालचा फोन काढून माझ्या हातात दिला आणि पुतण्याला लावून द्यायला सांगितलं. मला शाबासकी वगैरे मिळाली नाही. आक्का पुढं पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "तुला इचारलं हुतं का कुनी खरं?" एवढं मात्र त्यांनी मुद्दाम फोन करून ऐकवलं.

निघायच्या दिवशी पुतण्या गाडी घेऊन आला. त्यानं त्याच दोन ट्रंका वरच्या खोलीतून उतरवल्या. मिस खालीच खुर्चीवर बसून होत्या. वर जाऊन खोली एकदा बघायची असं त्या म्हणाल्या नाहीत आणि आम्हीही विषय काढला नाही. आक्कांनी शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि काय काय बांधून दिलं. तिथं बाजरी-ज्वारी मिळत न्हाय, मासळीच खात्यात, असं त्या पुतण्याला दहादा सांगत होत्या. मिळते, असं त्यानं एकदा हळूच सांगून पाहिलं. मिसनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

आम्ही दोघींनी धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. एक पाय आत घेताना त्यांच्या कपाळावर घाम आला. मी तो पदरानं टिपला, तर त्यांनी माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

"जाते मी, आक्का," त्या म्हणाल्या.

"जाते म्हनू न्हाय, बाई," आक्का दार धरून म्हणाल्या. "येते म्हनावं."

मी मनात म्हटलं, झालं. आता मिस नीट समजावून सांगणार. वय, पाय, अंतर, गाडीचे नऊ तास. सगळा हिशेब मांडून, आपण पुन्हा इथं येणं कसं शक्य नाही ते बिचाऱ्या आक्कांना भर रस्त्यात पटवून देणार. आळीतल्या चारदोन बायकाही येऊन उभ्या होत्या. मिसनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांच्या गाडीच्या दारावरच्या हाताकडे पाहिलं.

"येते," मिस म्हणाल्या.

आक्कांचं समाधान झालं. त्यांनी दार लावून दिलं, डोळे पुसले आणि आत जाऊन चहा टाकला. गाडी वळून पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथंच उभी होते. इतक्या वर्षांत मिसच्या तोंडून असलं वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि ते खोडून काढावं असं मला अजूनही वाटत नाही.